देवकाबाईच्या डोक्यामागचा मिशीवाला

मित्रांनो, माझ्या मिशांवर जाऊ नका. मी एक जुना, गालाला पोचा आलेला प्लॅस्टिकचा मुखवटा आहे, आणि खरं सांगू का, माझ्याइतका भित्रा जीव अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. माझे डोळे टपोरे रंगवले आहेत. लोकांना वाटतं, हा वाघालाही दटावेल. दटावतो कसला डोंबल! मला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून मी बघत राहतो, एवढंच.

माझा जन्म कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून आम्ही पटापट बाहेर पडत होतो, सगळे एकाच तोंडाचे. पुढे एक बाई ब्रश घेऊन बसली होती. ती प्रत्येकाला दोन डोळे, दोन भुवया आणि मिशा द्यायची. माझ्या वेळेला नेमकी तिला शिंक आली. म्हणून माझी डावी मिशी उजवीपेक्षा बोटभर वर गेली आहे. त्यामुळे मी जरा रागीट दिसतो. त्या शिंकेचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तिथून पोत्यात भरून, जीपमध्ये टाकून आम्हाला आंबेटोल्याला आणलं. मूल गावाकडे जाणारा रस्ता सोडून जंगलात आत शिरलं की हे गाव लागतं. ग्रामपंचायतीच्या आवारात एका साहेबांनी आम्हाला वाटलं आणि सांगितलं, "वाघ मागून येतो. डोक्याच्या मागे तोंड असलं तर त्याला वाटेल, माणूस आपल्याकडेच बघतोय." काम सोपं होतं. माणसानं पुढे बघायचं, मी मागे बघायचं. ते ऐकूनच माझं इलॅस्टिक सैल झालं. म्हणजे गावात जे कुणालाच बघायचं नव्हतं, ते बघायला मला आणलं होतं!

मी मनसारामच्या वाट्याला आलो. मनसाराम, त्याची बायको देवकाबाई आणि मुलगी दिव्यानी असं ते घर होतं. थोडी धानाची शेती, आणि उन्हाळा लागला की मोहफुलं, तेंदूपत्ता. पहिल्या दिवशी त्यानं मला डोक्यामागे बांधलं तेव्हा देवकाबाई हसून लोटपोट झाली. म्हणाली, "दोन तोंडं झाली तुमाले आता! जेवन दुप्पट रांधू का?" दिव्यानीनं तर माझ्या तोंडाला भाकरीचा तुकडा लावून पाहिला. त्या घरात माझी फार चेष्टा व्हायची आणि मला ती आवडायची.

पण जंगलात गेलं की माझी बोबडी वळायची. पहाटे उजाडता उजाडता सगळे मोहाखाली जमत. रात्रभर टपटप पडलेली फुलं वेचायची, ती वाकूनच वेचावी लागतात. आणि इथेच माझी गोची होती. मनसाराम उभा असला की मला मागची झुडपं दिसायची. तो वाकला की मला फक्त आभाळ दिसायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, जनावर वाटतो, असं गावातले जाणते सांगत. म्हणजे ज्या घडीला माझी खरी गरज, नेमक्या त्याच घडीला मी ढग मोजत बसायचो. तो सरळ झाला की मी घाईघाईनं झुडपं बघून घ्यायचो. पुन्हा आभाळ. पुन्हा झुडपं. अशी दोन वर्षं मी जीव मुठीत धरून काढली.

तिसऱ्या वर्षी, मोहाच्याच दिवसांत, उन्हं वर आली होती. घामानं इलॅस्टिक चावत होतं. "घडीभर काढून ठेवतो गा बाप्पा," असं मलाच म्हणत मनसारामनं मला ऐन नावाच्या झाडाच्या फांदीला अडकवलं. माझं तोंड झाडाच्या बुंध्याकडे झालं. मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ऐनाची भेगाळलेली साल होती, बाकी काही नाही. टोपलं उलटल्याचं मी ऐकलं. एक जड धाप ऐकली. दिव्यानी तिथेच दहा पावलांवर फुलं वेचत होती. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वाघ दिसला की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, हे इथल्या लेकरांना चालता येण्याच्या आधीपासून ठाऊक असतं. तिचा आवाज मी ऐकला नाही. दूरच्या बायकांनी पाहिलं, त्या हाकाटी करत धावत आल्या, तसा वाघ निघून गेला. मनसाराम काही उठला नाही.

त्यानंतर देवकाबाई मला बांधू लागली. कुणीही हसलं नाही. माझ्या मिशांचा रंग उडत चालला होता, तर ती दर आठवड्याला काजळाचं बोट घेऊन बसायची आणि मिशा काळ्या करायची. मनसारामला मिशा होत्या, हे मी तुम्हाला सांगायचं विसरलो. दिव्यानी मात्र पुन्हा जंगलात गेली नाही. मोहाकडे जाणारी वाटसुद्धा तिनं टाकली. ती चंद्रपूरला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकायला गेली आणि वसतिगृहात राहू लागली. देवकाबाई एकटीच जंगलात जायची. मागे मी.

आता या वर्षीची गोष्ट ऐका. सोमवारपासून मोह वेचायला लागायचं, असं गावात ठरलं होतं. दिव्यानी शनिवारी घरी आली होती. रविवारी सकाळी देवकाबाई पाण्याला गेली, तेवढ्यात दिव्यानीनं मला चुलीजवळच्या खुंटीवरून काढलं आणि बॅगेत कोंबलं. जाताना शेजारणीला सांगितलं, "काकू, मायले सांगजो, पुस्तक राह्यलं होस्टेलवर. संध्याकाळच्या गाडीनं येते." बॅगेच्या आत काळोख. माझ्या छातीत धडधडायला लागलं. छाती नाही मला, पण जे काही आहे त्यात. सोमवारी पहाटे देवकाबाई खुंटीकडे हात नेईल आणि खुंटी रिकामी असेल तर? ती थांबणार नाही. मोह रात्री पडतो आणि सकाळी वेचला नाही तर गुरं, हरणं खाऊन टाकतात. ती उघड्या पाठीनं जाईल. मला त्या संध्याकाळच्या गाडीत बसून घरी पोचायचंच होतं. दुसरं काहीही मला नको होतं.

बॅग उघडली तेव्हा मी एका तळघरात होतो. चंद्रपूरच्या बसस्टँडमागे एक हॉटेल आहे, त्याच्या खाली हा छोटा क्लब. एरवी तिथे वाढदिवस होतात आणि लोक पडद्यावरचे शब्द वाचून गाणी म्हणतात. दिव्यानीनं घरी न सांगता शहरात हेवी मेटलचा बँड काढला होता, आणि त्या दिवशी दुपारी चार ते साडेसहा क्लब त्या बँडला मिळाला होता. सात वाजता कुणाच्या तरी पोरीचा पहिला वाढदिवस होता, म्हणून छताला आधीच गुलाबी फुगे बांधून ठेवले होते. फुग्यांच्या खाली काळ्या कपड्यांतली पोरं ढिगानं उभी होती. एकाच्या छातीवर कवटी, दुसऱ्याच्या छातीवर हाडं, तिसऱ्याचे केस कमरेपर्यंत. खिडक्यांना काळा कागद लावलेला. बाहेर पडायला एकच दार. मी मनात म्हटलं, मिशीवाल्या, आटोपलं तुझं.

"हे घालून गाशील?" एका पोरानं विचारलं. हा लोकेश, घुग्घुसचा. खाणीत पाळीवर काम करतो आणि गिटार वाजवतो.

"हाव," दिव्यानी म्हणाली, "पन समोर नाई. डोक्यामागं."

"मागं काऊन? पब्लिकले दिसन का तो?"

"पब्लिकसाठी नाई आनला मी त्याले," ती म्हणाली, आणि तिनं मला बांधलं.

मी नेहमीप्रमाणे मागे बघत होतो. माझ्यासमोर एक ड्रम आणि त्याच्यामागे रिंकू नावाची बल्लारपूरची बारीकशी मुलगी बसली होती. बरं वाटलं मला, म्हटलं ही काय करणार आहे! तिनं चार वेळा काड्या वाजवल्या, आणि मित्रांनो, छत कोसळलं. म्हणजे मला तसंच वाटलं. ती दोन्ही पायांनी असं काही बडवत होती की ट्रकची रांगच्या रांग माझ्या कपाळावरून चालली होती. लोकेशची गिटार करवतीसारखी किंचाळत होती. आवाज कानानं ऐकायचा असतो हे मला ठाऊक होतं. इथे तो दातांनी ऐकावा लागत होता. पांढरे दिवे लागत होते, विझत होते, लागत होते. तोंडावर धूर येत होता. एक फुगा फुटला आणि मी मेलोच म्हणून समजा.

आणि मग मी तो आवाज ऐकला. खोल, खरखरीत, पोटातून येणारी गुरगुर, आणि तिची होत गेलेली डरकाळी. मी थिजलो. हा आवाज मला ओळखीचा होता. रानात लांबून कितीदा ऐकला होता. वाघ होता इथे, या तळघरात! मी समोर पाहिलं, रिंकू वाजवतच होती. कोपऱ्यात पाहिलं, कूलर होता. माझी सगळी हयात मागे बघण्यात गेली, आणि हा वाघ माझ्या मागे, म्हणजे दिव्यानीच्या पुढे होता. पळ ग पोरी, असं मला ओरडायचं होतं. ती जागची हलत नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं की प्रत्येक डरकाळीबरोबर मी थरथरतोय, आणि ती थरथर मला जिथे टेकवलं होतं त्या डोक्याच्या हाडातून येत होती. डरकाळी दिव्यानीच फोडत होती.

हे कळल्यावर माझी भीती गेली असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! ती वाढली. ज्या पोरीचा आवाज त्या दिवशी बाहेर आला नव्हता, तिच्या पोटात हे एवढं साचून राहिलं होतं, आणि ते मी इतक्या जवळून ऐकत होतो.

मग ती वळली आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिली. आता लोक माझ्यासमोर आले. मला वाटलं होतं, ते पळून जात असतील. तर ते सगळे वाकत होते! कमरेतून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. केस लोंबतायत, मान झुलतेय. साठ-सत्तर माणसं मोहाच्या झाडाखाली फुलं वेचतायत, आणि एकाच्याही मागे बघायला कुणी नाही.  मी एकटा कुणाकुणाकडे लक्ष ठेवणार? मी ह्याच्या मागे बघायचो, तोवर तो वाकलेला असायचा. अशात मधली जागा मोकळी झाली आणि पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागली. दणादण खांदे आपटत होते. भांडण झालं म्हणावं, तर सगळे हसत होते. मला तर काही उमगेना.

शेवटच्या गाण्याला दिव्यानी स्टेजवरून खाली उतरली आणि त्या धक्काबुक्कीत शिरली. कुणाचं तरी कोपर मला लागलं. पाच उन्हाळे घाम प्यालेलं माझं इलॅस्टिक तट्कन तुटलं. मी खाली पडलो. वर बूट, चपला, बूट. एक टाच माझ्या नाकावर आली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मी कडकन फुटलो. त्या घडीला मला दुखलं नाही. फक्त देवकाबाईची उघडी पाठ दिसली.

"थांबा रे! खाली पडलं कोनाचं तरी!"

हा आवाज होता पत्रूचा. पत्रू म्हणजे तोच, छातीवर कवटीवाला, गोंडपिपरीहून आलेला आडदांड गडी. सगळ्यांत जास्त भीती मला त्याचीच वाटली होती. तो दोन्ही हात पसरून माझ्यावर वाकून उभा राहिला आणि आपल्या पाठीवर धक्के खात राहिला. बघता बघता सगळे थांबले. कोण पडलं, काय पडलं, म्हणून गोल करून उभे राहिले. त्यांची तीच रीत आहे म्हणे. कितीही धुमाकूळ असो, कुणी पडलं की आधी उचलायचं. पत्रूनं मला उचललं, टी-शर्टनं पुसलं आणि दिव्यानीपुढे धरलं. "ताई, फुटला वो हा," तो लहान तोंड करून म्हणाला.

दिव्यानी स्टेजच्या कडेला मटकन बसली. गाणं तिथेच संपलं. लोकेशनं वायरीला लावायची काळी टेप आणली. "जोडून देतो मी. रडून नको राहू. दुसरा आनू बजारातून."

"बजारातला नाई चालत," ती म्हणाली. "उद्या माय काय बांधन डोक्याले?"

मला टेपनं जोडलं. उजवी मिशी टेपखाली गेली. संध्याकाळची गाडी मात्र आम्हाला मिळाली.

घरी पोचलो तेव्हा देवकाबाई दारात बसली होती. "म्या सारं घर धुंडलं," ती म्हणाली. "उंदरानं नेला म्हनून बीळसुद्धा खंदलं." दिव्यानीनं मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, तळघर, बँड, गाणं, सगळं.

"कसं गाते तू?" देवकाबाईनं विचारलं.

"गात नाई माय. वरडते."

देवकाबाई माझ्या फुटक्या नाकावरून बोट फिरवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग त्या दिवशी काऊन नाई वरडली वो?"

मित्रांनो, वाघाच्या, ड्रमच्या, बुटांच्या भीतीचं मी तुम्हाला सांगितलं. पण त्या प्रश्नाएवढी भीती मला कशाचीच वाटली नाही. हा प्रश्न तीन वर्षं त्या घरात होता. मी खुंटीवरून तो रोज पाहत होतो.

"आवाज निघालाच नाई माय," दिव्यानी म्हणाली. "तोंड उघडलं होतं मी. निघालाच नाई. तो अजून निघूनच राह्यला आहे. तिथी वरडते म्हनून इथी झोप येते मले. अन् हा डोक्यामागं असला का बाबा मागं असल्यावानी वाटते. म्हनून नेला."

"मलेबी तसंच वाटते," देवकाबाई म्हणाली. दोघी माझ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, मी एक कशाला, दोन असायला हवा होतो.

सोमवारी पहाटे देवकाबाईनं मला बांधायला घेतलं. तुटलेल्या इलॅस्टिकच्या जागी सुतळी ओवली होती. गाठ आवळली, आणि मनसाराम गेल्यापासून जे काजळ मला लावलं होतं त्याच्या तेलकटपणानं टेप सुटली. माझा अर्धा चेहरा तिच्या हातात राहिला, अर्धा जमिनीवर पडला. तिनं दोन्ही तुकडे टोपल्यात टाकले आणि टोपलं उचललं.

"आज नोको जाऊ," दिव्यानी म्हणाली.

"मोह थांबते का माह्यासाठी?"

देवकाबाई निघाली. मी टोपल्यात उताणा पडलो होतो, म्हणून मला फक्त वरच्या फांद्या दिसत होत्या. मागे चपलांचा आवाज आला. आधी दूर, मग धावत, मग अगदी टोपल्याच्या शेजारी. 

झाडाखाली देवकाबाई वाकली. दिव्यानीनं एकही फूल वेचलं नाही. ती आईच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि झुडपांकडे बघू लागली. माझं काम ती करत होती. तिचे पाय लटलट कापत होते. टोपलं तिच्या पायाशीच होतं, म्हणून मला ते कळलं. मी तिला हसलो नाही. या कामाला कसली भीती लागते ते मला ठाऊक होतं.

सूर्य झाडांवर आला, आणि नाल्याच्या बाजूनं वानर खेकसलं. एकदा. मग लागोपाठ. वाघ जवळपास आहे, हा त्याचा अर्थ जंगलात राहणाऱ्यांना सांगावा लागत नाही. देवकाबाई वाकलेलीच होती. मूठभर फुलं राहिली होती. दिव्यानीनं श्वास ओढला. घशात काहीतरी अडकल्याचा आवाज मी ऐकला आणि माझ्या दोन्ही तुकड्यांचं पाणी पाणी झालं. अडकलं पुन्हा. तीन वर्षांपूर्वीसारखंच.

"माय, उभी राय!"

डरकाळी नव्हती ती. एका मुलीनं आईला मारलेली साधी हाक होती, पण लांबच्या झाडाखालच्या बायकासुद्धा ताठ झाल्या आणि त्यांनी हाकाटी सुरू केली. देवकाबाई सरळ उभी राहिली आणि तिनं मागे हात नेऊन लेकीचं मनगट पकडलं. वानर थोड्या वेळानं गप्प झालं. नाल्यात काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मित्रांनो, आता मी दोन खुंट्यांवर लटकतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दिव्यानी मोहाच्या दिवसांत घरी येते आणि बाकीच्या रविवारी तळघरात ओरडते. मला जोडा, रंगवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरातही कुणीतरी रोज वाकून काम करत असेल. त्याच्या मागे प्लॅस्टिकचं तोंड बांधून निश्चिंत होऊ नका. आम्ही फार भित्रे असतो, आणि आम्हाला हाक मारता येत नाही.